बिननावाची काडी

मार्था, तुझ्या जुन्या चपला पाच दिवस माझ्या गाडीच्या डिकीत पडून होत्या. आज सकाळी काढल्या, आणि त्या हातात घेऊन तशीच अंगणात मटकन खाली बसले. का बसले ते सांगते. पण त्याआधी मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं शेवटचं भांडण अर्धवट राहिलंय, आणि अर्धवट भांडण ठेवून मला झोप लागत नाही हे तुला चांगलं ठाऊक आहे.

कबरस्तानात सगळे तुझ्याबद्दल फार गोड बोलले. शांत म्हणाले, सोशिक म्हणाले. एकजण तर म्हणाला, बाईंनी कधी कुणाचं मन मोडलं नाही. मी मनात म्हटलं, काय सांगता! या बाईनं भर स्टाफरूममध्ये माझ्या हातातलं पेपरांचं बंडल काढून घेतलं होतं, "सुले, नापास करायला तुला इतकी घाई का गं?" म्हणून. सदतीस वर्षं तू मला सुले म्हणालीस. माझ्या आईनंतर मला असं कुणी म्हणायचं धाडस केलं नव्हतं, आणि आता कुणी करणारही नाही. सगळे आपले सुलभाबाई, सुलभाबाई.

मला मेलीला तिथं उभं राहून एक शब्द बोलता आला नाही. बोलायला गेले असते तर खरं बाहेर पडलं असतं.

ती काडी आली तिथपासून सुरुवात झाली. तू म्हणशील, "झालं हिचं सुरू, शकून आणि अपशकून." हो, झालं सुरू. तू आता मला अडवू शकत नाहीस.

दरवर्षी दसरा झाला की काशिनाथ हायवेवरच्या खांब गावच्या नाक्यावर यायचा आणि तुझ्या हातात काड्यांची जुडी द्यायचा. तुझ्या नाताळाची तयारी तिथून सुरू. पहिल्यांदा मी ते बघितलं तेव्हा मला हसूच आलं होतं. काशिनाथ डोंगरावरच्या आदिवासींच्या वरच्या वाडीचा पाळक. आठवडाभर मजुरी करतो, रविवारी पत्र्याच्या चर्चमध्ये उपासना चालवतो. वाडीतली माणसं दिवाळी आटोपली की वीटभट्ट्यांवर निघून जातात, म्हणून त्याआधी तो एकेका पोराला चर्चच्या उंबऱ्यावर उभं करायचा, टाचेपासून अंगठ्यापर्यंत खराट्याची काडी लावायचा, तेवढीच मोडायचा आणि तिला नावाची चिठ्ठी गुंडाळायचा. नंबर-बिंबर काही नाही. काडी म्हणजे त्या पोराचा पाय. मग आपण ती जुडी घेऊन पेणच्या बाजारात. तू दुकानात एकेक काडी सँडलमध्ये लांबीनं घालून बघायचीस, आणि तो दुकानदार दरवर्षी तेच म्हणायचा, "बाई, झाडू आणलात, झाडून पण द्या की."

तुझ्या घरात खोकी भरायची. शेजारच्या कारखान्यातून गणपती पॅक करायचा पेंढा आणायचा आणि त्यात नाताळची सँडल, टॉवेल, खडूपेट्या, माझ्या करंज्या. मी एकदा म्हटलं होतं, "बघ, माझ्या बाप्पानं तुझ्या येशूला गादी घालून दिली." तू त्यावर इतकी हसलीस की करंजीचं सारण सांडलंस.

तर या वर्षीची जुडी. यादीत नावं तेवीस, काड्या चोवीस. तुझ्या खोलीत जमिनीवर पसरून आपण दोघी मोजत होतो. तेवीस काड्या पिवळसर, ताज्या. चोविसावी धुरानं काळी पडलेली, जुनी, बाकीच्यांपेक्षा बोटभर लांब. मोठ्या माणसाचा पाय. आणि तिला नाव नव्हतं.

मी हात झटकन मागं घेतला. का ते मलाही सांगता येणार नाही. आमच्याकडे माणसाचं माप असं गुपचूप घेत नाहीत. मी म्हटलं, "मार्था, ही कुणाची? बिननावाचं माप घरात नको. टाक ती."

तू म्हणालीस, "अगं, कुणाच्या तरी आजीची असेल. चिठ्ठी पडली असेल."

"मग काळी का?"

"चुलीजवळ राहिली असेल. सुले, बी.एस्सी. आहेस ना तू?"

याचाच मला राग आला. मी ती काडी तुझ्या हातातून हिसकावली आणि कटाकटा मोडून टाकली. वाळकी होती, तीन तुकडे झाले, ते मी पेंढ्यात फेकले. तू माझ्याकडे बघत राहिलीस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं. पण नाही, तू गुडघ्यांवर बसलीस, पेंढा चाळायला लागलीस, आणि म्हणालीस, "हा कुणाचा तरी पाय होता, सुलभा."

सुले नाही. सुलभा. मी चपला घालून तरातरा निघाले तेव्हा तुझ्या हातात दोन तुकडे होते. तिसरा तू शोधत होतीस, आणि शोधता शोधता धापा टाकत होतीस. मी ते ऐकलं आणि तरी निघाले.

धापेचं आपल्याला माहीत होतं. गणपतीच्या आधी तुला रिक्षात घालून दवाखान्यात मीच नेलं होतं. डॉक्टरनं समोर बसवून दोघींना सांगितलं होतं, हृदय थकलंय, गोळ्या चुकवायच्या नाहीत, डोंगर-बिंगर चढायचा नाही, आणि पायांवर सूज दिसली की त्याच दिवशी यायचं, उद्यावर ढकलायचं नाही. प्रवीण तेव्हा पुण्याहून धावत आला होता. तुझा एकुलता एक, त्याचा जीव अर्धा झाला होता. परत जाताना फाटकापाशी माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "मावशी, आई माझं ऐकणार नाही. नाताळला ती जाणारच. तुम्ही फक्त तिला खालच्या वाडीच्या पुढे चढू देऊ नका." मी म्हटलं, "मी असताना? काय बिशाद आहे तिची!"

खालच्या वाडीपर्यंत गाडी जाते. पुढं तासाभराची पायवाट. ठरलं होतं ते साधं होतं: खालच्या वाडीत खोकी काशिनाथच्या हवाली करायची, चहा प्यायचा, परत फिरायचं.

पण तू त्याला फोन लावलास, ती काळी काडी कुणाची म्हणून. त्याच्याकडे रेंज नसते, चार दिवसांनी तो नाक्यावर आला तेव्हा लागला. तू स्पीकरवर टाकला होतास. तो हसला आणि म्हणाला, "त्ये मी नाय सांगायचा. बाय, तुमी वर या, मंग समजंल."

वर या. मला ते शब्द आवडले नाहीत. तुला मात्र इतका आनंद झाला की तू माझ्याशी पुन्हा बोलायला लागलीस. आठ दिवस अबोला धरला होतास, पेणच्या बाजारातही एकटीच जाऊन आली होतीस. आणि मी, मार्था, त्या आनंदाच्या आड आले नाही. नाही म्हणायचं तोंड माझ्याकडे उरलंच नव्हतं. नाही म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, काडी मोडलीस, आता वाटही अडवतेस का? मला परत सुले व्हायचं होतं. प्रवीणला दिलेला शब्द मी त्यासाठी गिळला. यापेक्षा सरळ मला सांगता येत नाही.

निघालो त्या दिवशी सकाळी तुला घ्यायला आले तर पलंगावर तीन उश्या एकावर एक रचलेल्या. मी म्हटलं, "हे काय गं, बसून झोपतेस की काय?" तू म्हणालीस, "वाचत होते." चष्मा तर बाहेर टीव्हीवर होता. मी तोही बघितला. बघितलं सगळं, मार्था. मी आंधळी नव्हते.

गाडीत तू नेहमी गातेस. नागोठणं येईपर्यंत तुझी तीन गीतं होतात, आणि मी खड्ड्यांना शिव्या घालून ताल देते. त्या दिवशी हायवेचा धुरळा, डायव्हर्जनमागून डायव्हर्जन, आणि तू गप्प. खिडकीच्या वरची कडी दोन्ही हातांनी धरून बसलेली. निडीचा फाटा गेला तेव्हा म्हणालीस, "तुझं माहेर गेलं बघ." दरवर्षी म्हणतेस. दरवर्षी मी म्हणते, "जाऊ दे." त्या दिवशी मला का कोण जाणे ते तोडून टाकवलं नाही, मी मागं वळून बघितलं.

तिथं आमच्या खळ्यावर याच वाड्यांमधली माणसं कामाला यायची. माझी आजी त्यांना वरून पाणी ओतायची, ओंजळीत. आम्हा पोरींना त्यांच्या वाडीकडं जायची बंदी. लहानपण निडीत गेलं, वाडी दिसायची समोर टेकडीवर, पण तिच्यात पाऊल मी टाकलं ते अठ्ठावन्नाव्या वर्षी, रिटायर झाल्यावर, तुझ्यामागून, खोकं डोक्यावर घेऊन. काशिनाथच्या बायकोनं पाणी दिलं तेव्हा मी क्षणभर थांबले होते. तू बघितलंस. माझ्या हातातला तांब्या घेऊन आधी तू प्यालीस आणि मग मला दिलास. त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. लाज वाटायची. आता मानते.

खांबला चहाला थांबलो तिथं ते दोघं मोटरसायकलवाले. नागोठण्यापासून आपल्या मागं होते हे मला आरशात दिसलं होतं. एकजण गाडीशी आला. "बाई, खोक्यांत काय? कुणाला वाटताय?" आवाज चढवलेला नव्हता, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तू मागचं दार उघडलंस आणि वरचं खोकं त्याच्यापुढं सरकवलंस. "बघ रे बाबा. तूच बघ." त्यानं पेंढ्यात हात घातला. हाताला आली ती सगळ्यांत लहान, तीन वर्षांच्या पोराची सँडल. ती त्यानं तळहातावर ठेवली, उलटी करून बघितली, परत ठेवली. जाताना म्हणाला, "वर जाताय तर लवकर उतरा." धमकी होती की काळजी, मला आजही कळलेलं नाही. वळणापर्यंत ते तिथंच उभे होते.

खालच्या वाडीत अर्ध्या दारांना काटेरी फांद्या लावलेल्या. माणसं भट्टीवर गेलेली. एक म्हातारी तेवढी उन्हात बसली होती, तिनं तुझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "बाय, बरी नाय काय गो तू?"

तू म्हणालीस, "बरी हाय, बरी हाय."

मी म्हटलं, "मार्था, इथूनच देऊ. काशिनाथला बोलावू खाली."

तू म्हणालीस, "आणि ते काडीचं?"

बस. तेवढंच. पुढचं मी बोलले नाही.

काशिनाथ आणि दोन बाया खोकी घ्यायला आल्या. चढताना तू सात वेळा थांबलीस. मी मोजत होते, मास्तरीण आहे मी. प्रत्येक वेळी झाडाला हात लावून उभी राहायचीस आणि मला काहीतरी दाखवायचीस. ते बघ, कुंडलिका नदी दिसते. ते बघ, गवत कुणीतरी पेटवलंय. धूर दिसत होता खरा, पण तुला तो दाखवायचा नव्हता, तुला श्वास घ्यायचा होता. चौथ्या थांब्याला मी म्हटलं, "परत फिरू." पाचव्याला म्हटलं. सहाव्याला तू माझा हात धरलास. तुझी बोटं गार होती, भर दुपारी. "सुले," म्हणालीस, "आता जवळ कोणतं? वर की खाली?" वर जवळ होतं. गणितात मला हरवलंस तेवढं एकदाच.

पत्र्याचं चर्च नेहमीसारखं. बांबूचा क्रूस, रंगीत कागदाच्या पताका, ताजं सारवलेलं. पण पोरं कधी नाही इतकी गप्प. एरवी खोकं दिसलं की झुंबड उडते, त्या दिवशी भिंतीला पाठ लावून ओळीत बसलेली, एकमेकांच्या तोंडाकडे बघत. मला ते बरं वाटेना. काशिनाथनं प्रार्थना केली. तू नावं वाचलीस. पोरं यायची, सँडल घालायची, दोन पावलं चालून दाखवायची, आणि परत गप्प जागेवर. तेवीस झाली. भट्टीवर गेलेल्यांची पाकिटं काशिनाथनं बाजूला ठेवली.

खोक्यात एक पाकीट उरलं. तू ते उचललंस. "आणि हे? कुणाचं हे?"

मग मंगी उठली. नऊ वर्षांची, काशिनाथची पुतणी. सरळ तुझ्यापाशी आली, हाताला धरून तुला बाकावर बसवलं, आणि खाली बसून म्हणाली, "बाय, पाय दे इकडं."

मग काशिनाथनं सांगितलं. मागच्या वर्षी परतताना तुझ्या चपलेचा अंगठा तुटला होता, आठवतं? तू चप्पल हातात घेऊन अनवाणी, थेट ओल्या सारवणात पाय दिला होतास, आणि मी तुला चारचौघांत झापलं होतं. आपण खाली उतरलो आणि मंगीनं त्या उमटलेल्या पावलाला काडी लावली. वर्षभर चुलीवरच्या छपरात खोचून ठेवली. बाई सगळ्यांना आणते, बाईला कोण आणत नाय, म्हणून. तिनं ती या वर्षी जुडीत घातली. म्हणजे तू तुझ्याच हातानं तुझं नाताळ घेऊन यावंस, आणि तुला ते माहीत नसावं. पोरं दोन महिने हे गुपित पोटात धरून होती. म्हणून गप्प होती गं ती. दुसरं काही नव्हतं.

मी रडायला लागले होते. तूही. मंगीनं तुझी जुनी चप्पल काढली, नवीन सँडल पायात सरकवली, आणि ती जाईना. टाच बाहेर. तिनं दाबलं. जाईना. पट्टा सैल केला, दुसरा पाय बघितला, तोही तसाच. पोरीचं तोंड उतरलं. मागून कुणीतरी पोरगा म्हणाला, "माप चुकलं हिचं."

आणि तू माझ्याकडं बघितलंस.

मार्था, ती नजर मी मरेपर्यंत विसरणार नाही. माझ्या मनात एकच होतं: तिसरा तुकडा. माझ्यामुळं माप अपुरं पडलं, आता ही सांगणार, सगळ्यांसमोर सांगणार, की तुझं नाही गं पोरी चुकलं, या सुलभाबाईंनी काडी मोडली. मला सांगायला हवं होतं. माझ्या तोंडातून चकार शब्द निघाला नाही.

तू मंगीच्या डोक्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "नाही गो, माप बरोबर आहे. माझेच पाय सुजलेत."

मी सुटकेचा श्वास सोडला. वाचवलंस, म्हटलं मनात. देवमाणूस आहे ही, माझ्यासाठी खोटं बोलली. इतकी हलकी झाले की तुझ्या पायांकडं मी बघितलंच नाही.

पुढचं तुला माहीत आहे, की नाही माहीत, मला ठाऊक नाही. उतरताना तिसऱ्या वळणावर तू दगडावर बसलीस. "जरा थांब," म्हणालीस. मी म्हटलं, "थांब हवं तितकं." मग तू कलंडलीस. काशिनाथ आणि तिघांनी चादरीची डोली केली आणि धावत खाली आणलं. मी मागून तुझ्या चपला हातात घेऊन पळत होते, का घेतल्या देव जाणे. गाडी मी रोह्याला कशी आणली मला आठवत नाही. पूल ओलांडताना मी तुला शिव्या घालत होते, मोठमोठ्यानं, डोळे उघड म्हणून. दवाखान्यात त्यांनी हात लावून बघितलं आणि मान हलवली. बाहेर अजून ऊन होतं.

कबरस्तानात वाडी आली होती, भट्टीवरून थेट, विटांच्या धुळीत. मंगी ते पाकीट छातीशी धरून उभी होती. तिनं मला विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बाय, सँडल बसली असती तर ती पडली नसती ना?"

मी उत्तर दिलं नाही. पाकीट तिच्या हातातून घेतलं आणि मान फिरवली. प्रवीण शेजारीच होता. त्यानं मला वेगळं विचारलं. वर का चढू दिलं, हे नाही विचारलं त्यानं, तेवढा भला आहे तो. म्हणाला, "मावशी, काही दिसलं नाही का तुम्हाला? आधी काही कळलं नाही?" मी म्हटलं, "नाही रे. काही म्हणजे काही नाही."

तर आज सकाळी डिकी उघडली. तुझ्या चपला, आणि ते पाकीट. अंगणात बसून मी सँडल काढली आणि तुझ्या चपलेच्या तळाला तळ लावला. टाच टाचेला. अंगठा अंगठ्याला. मार्था, तसूभर फरक नाही. पुन्हा लावला. दुसऱ्या पायाचा लावला. तेच.

तुझ्या घराची किल्ली माझ्याकडे आहे. जाऊन तुझा शिवणाचा डबा उघडला. काडी तिथंच होती. तीन तुकडे, तिन्ही, दोऱ्यानं घट्ट बांधून सरळ केलेले. म्हणजे मी निघून गेल्यावर तू सगळा पेंढा उपसलास, धापा टाकत, आणि तिसरा शोधलास. माप पुरं होतं. मंगीचं काही चुकलं नव्हतं, आणि माझ्या मोडण्यानंही काही बिघडलं नव्हतं. तू खोटं बोललीच नव्हतीस. तुझे पाय सुजले होते.

तू ते सांगितलंस, मार्था. माझ्याकडं बघून सांगितलंस. डॉक्टरनं जे सांगितलं होतं ते आपल्या दोघींनाच माहीत होतं, त्या चर्चमध्ये दुसऱ्या कुणाला नाही. तू मला वाचवत नव्हतीस गं. तू मला हाक मारत होतीस. त्याच वेळी डोली केली असती, चालवलं नसतं तर. आणि मी बसले होते माझ्या मोडक्या काडीचा विचार करत.

दुपारी प्रवीणला फोन केला. सगळं सांगितलं. तीन उश्या, सात थांबे, सूज. "मी म्हटलं होतं काही दिसलं नाही, ते खोटं होतं," म्हटलं. त्यानं ऐकून घेतलं. मग फोन ठेवला. परत केलेला नाही. करावा असं मला वाटतं, आणि तो उचलायची मला भीतीही वाटते.

उद्या नाताळ. करंज्या केल्यात, जमल्या नाहीत, सारण खारट झालंय की काय असं वाटतंय. सकाळी एकटी निघेन. खालच्या वाडीत गाडी लावून चढेन, तुझ्या जुन्या चपला आणि ती सँडल पिशवीत घेऊन. मंगीला उंबऱ्यावर बसवेन, तिच्यासमोर तळाला तळ लावेन, तिलाच बघू देईन. मग ती मला परत तेच विचारेल, मी ओळखते तिला. सँडल बसली असती तर बाई पडली नसती ना?

या खेपेला उत्तर देणार आहे. म्हणणार आहे, तुझं माप बरोबर होतं गो पोरी. सँडल का बसत नाही ते बाईनं सांगितलं होतं, तुझ्यासमोर सांगितलं होतं. ते मला सांगितलं होतं तिनं, आणि मी ऐकलं नाही.